आंबलेली हिरवी वाईन

पोर्तुगालच्या त्या पांढऱ्या वाईनला तिकडे 'हिरवी' म्हणतात, म्हणजे कोवळी. हलकी, आंबटसर, जिभेवर किंचित फसफसणारी. थंडगार करून तिसऱ्या-शिंपल्यांबरोबर प्यायची, असं दुकानदाराने बजावलं होतं. त्या एका बाटलीसाठी मी आमच्या क्वेकर्स हिल उपनगरातून पार सिटीत जाऊन आले. तिसऱ्या धुतल्या, लसूण ठेचला आणि पाहुणे यायच्या आत अंघोळ उरकायला गेले.

बाहेर आले तर वसईहून आलेल्या माझ्या सासूबाई रिकामी बाटली विसळत होत्या.

"अगं, आंबली होती ती. चाखून बघितली, बुडबुडे येत होते. म्हटलं वाया कशाला घालवा, पोर्कच्या इंदियालात व्हिनेगरऐवजी ओतली."

"अहो मम्मी, ती तशीच असते."

"आंबलेली? आणि तू पैसे देऊन आणलीस?"

नवरा फ्रिजमध्ये डोकं घालून 'नो वरीज' म्हणाला.

पाहुण्यांनी माझ्या तिसऱ्या लिंबू सरबताबरोबर खाल्ल्या. इंदियालाचं पातेलं मात्र पावाने पुसून निघालं. एकीने विचारलं, "व्हिनेगर कुठलं वापरलंत?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "पोर्तुगालचं. सुनेने खास सिटीतून आणलं."