तीन मीटरचा अरबी समुद्र

अरबी समुद्राचा मिश्र थर मी सरासरी तीन मीटरचा काढला आणि तो आकडा थेट आमच्या ग्रुपच्या प्रमुख मॅडमना मेल केला.

मिश्र थर म्हणजे समुद्राचं वरचं, वाऱ्याने घुसळलेलं पाणी. तिथपर्यंत तापमान जवळजवळ सारखं असतं, त्याखाली उतरायला लागतं. कुठे उतरलं, ते आम्ही शोधतो. जहाजावरून सीटीडी नावाचं यंत्र तारेने खाली सोडायचं. ते जाता जाता तापमान आणि खारटपणा नोंदवतं; त्या नोंदीला प्रोफाइल म्हणतात. आमच्या उन्हाळी सफरीत थर पंचवीस-तीस मीटर निघायला हवा होता.

सफरीनंतर सुट्टी घेऊन मी उज्जैनला आलो होतो. माधव नगरच्या घरी मांडीवर लॅपटॉप. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मॅडमची कमिटीसमोर मीटिंग. आकडे पटले तर पुढच्या सफरीला जहाज मिळणार, नाहीतर ते दुसऱ्या ग्रुपला.

मला मात्र शोध लागला होता. एवढा पातळ थर कोणालाच सापडला नव्हता. मी पेपरचं शीर्षकसुद्धा लिहून टाकलं. बाबांना सांगितलं. बाबांनी फ्रीगंजात, पोह्याच्या दुकानावर, समस्त रिटायर्ड मंडळींना सांगितलं.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला.

"तुलना कुठल्या खोलीशी केलीत?"

"वरच्या पाण्याशी. शून्य मीटर."

"प्रोग्रॅममध्ये दहा होते ना?"

मी म्हटलं, वरचे दहा मीटर उगाच कशाला सोडायचे, म्हणून खोडले.

मग त्यांनी माझी ड्युटी कुठली होती ते विचारलं. दुपारची. पहाटे मला बोट लागायची, म्हणून मी ती मागून घेतली होती. आणि सरासरीलाही फक्त स्वतःच्या ड्युटीचेच आकडे घेतले होते, कारण त्यांच्यावर माझा विश्वास होता.

"पहाटेचे प्रोफाइल बघा," मॅडम म्हणाल्या. "पेपरचं नंतर."

बघितले. सव्वीस, एकोणतीस, एकतीस. वारा पडलेल्या दुपारी ऊन फक्त वरचं दोन-तीन मीटर पाणी तापवतं. त्या तापलेल्या सायीशी तुलना केली, की लगेच खालचं सगळंच थंड वाटतं. म्हणून तर सुरुवात दहा मीटरपासून करायची असते. तो दहाचा आकडा परत घातला, तर माझ्या दुपारीसुद्धा शहाण्यासारखं वागू लागल्या.

सगळं पुन्हा काढून सकाळच्या चहाआधी पाठवलं. मॅडमचं उत्तर आलं: "ठीक." आमच्या ऑफिसात याला माफी म्हणतात. जहाजही मिळालं.

धडा एवढाच, की जुन्या प्रोग्रॅममधला न कळणारा आकडा खोडण्याआधी तो लिहिणाऱ्याला विचारावं. तो बहुधा अजून नोकरीत असतो. आमच्याकडे तर त्या मॅडमच निघाल्या.

बाबा म्हणाले, आता पोहेवाल्याकडे लोकांना काय जवाब देऊ? मी त्यांना ऊन, वारा, साय, सगळं समजावत बसलो. आई आतून ऐकत होती. बाहेर आली, कपबश्या उचलल्या.

"रॉड लावलेल्या बालटीत वरचं पाणी कढत असतं, खालचं गार. आधी ढवळायचं, मग हात घालायचा. पाचवीपासून तुला सांगतेय. बेटा, तुला सायंटिस्ट केलं तरी कोणी?"