गिटारीतली सनई

मुखेडच्या धम्मप्रियाला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. आई भामाबाई भीमगीतं गायच्या आणि त्यांच्या गाण्याच्या पार्टीत ती गिटार वाजवायची. पार्टीतला कीबोर्डवाला सुदर्शन नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याच्याबरोबर सनई, बासरी, व्हायोलिन सगळंच गेलं. ते सारे आवाज त्याच्या कीबोर्डातच होते. जळकोटचा जयंतीचा कार्यक्रम तर तोंडावर आलेला.

"दुसरा कुणी बघू," भामाबाई म्हणाल्या.

"कशाला? सनई मीच वाजवते. गिटारीवर."

"येडी झालीस का?"

नांदेडच्या दुकानात दोन गिटार सिंथेसायझर होते, गिटारीच्या सुरातून दुसऱ्या वाद्यांचे आवाज काढणारी यंत्रं. एकात कुठल्याही गिटारीची वायर खोचली की काम भागे. पण सगळ्या तारा त्यात एकत्र मिसळत आणि सनईऐवजी ऑर्गनसारखं काहीतरी घुमे. दुसऱ्यासाठी गिटारीवर एक पातळ पट्टी बसवावी लागे. ती प्रत्येक तार वेगळी ऐकायची. दुकानदार म्हणाला, "पहिला घ्या ताई, डोक्याला ताप नाही." धम्मप्रिया कितीदा तरी ह्यावरून त्यावर गेली, आणि शेवटी तापाचाच घेऊन आली.

घरी तिची झोपच उडाली. तार छेडली की सनई किंचित उशिरा यायची, जाड तारांवर तर फारच. शेजारच्या तारेला बोट लागलं की आवाज किंचाळायचा. वाढलेलं ताट निवून जाई आणि ही आवाज बदलत बसलेली असे.

जळकोटला पहिल्याच गाण्यात घात झाला. घाईत तिचं बोट जाड तारेवर गेलं. सनई मागं राहिली आणि मग चिरकलीच. लोक हसले. कडवं संपताच ढोलकीवाल्याला ठेका चालू ठेवायला खुणावून भामाबाई मागं वळल्या.

"कुठं अडकून राहिलीस?"

"आवाज मागं पडून राहिलाय, आई."

"मंग ठेव बाजूला. नुसती गिटार वाजव."

तेवढं मात्र तिच्यानं होईना. तिनं यंत्रावरची बटणं दाबून तिन्ही जाड तारांची सनई बंद केली. त्यांवर साधी गिटारच राहू दिली. सनई फक्त बारीक तारांवर. पुढच्या कडव्याला तिनं श्वास रोखला आणि ठेक्याच्या जरा आधीच तार छेडली. आईची ओळ संपली तिथं सनई नेमकी उभी राहिली. भामाबाईंनी चमकून पाहिलं आणि तीच ओळ पुन्हा घेतली, मुद्दाम, लेकीला जागा देत. ह्यावेळी कुणी हसलं नाही. कार्यक्रम संपल्यावर लोक 'सनईवाला कुठाय?' म्हणून मंचामागं डोकावून गेले.

पार्टीनं पुन्हा कीबोर्डवाला शोधला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भामाबाई उठल्या, तर लेक स्क्रू सैल करून ती पट्टी तारांजवळ सरकवत होती.

"आता काय ऱ्हायलं?"

"बासरी, आई. बासरी अजून खरी वाटून नाही राहिली. बस समोर, ती कालची ओळ म्हण."

भामाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि गळा साफ केला.