किरणांच्या डब्याची किल्ली

विश्वास कुणावर ठेवायचा, सांगा बरं? मिशीवर? खुर्चीवर? की आपण किल्ली कुठं ठेवली हे ज्याला आठवतं, त्याच्यावर?

सांगलीच्या गणपती पेठेत मी उभा जन्म कुलपं, दोर, शिसं आणि पत्रे विकले. शिक्षण म्हणाल तर चौथी. पण माणूस कुलूप कसं निवडतो, त्यावरून त्याची अक्कल मला दुकानाच्या पायरीवरच कळते. असले किस्से गंजक्या खिळ्यांसारखे साठत जातात. फेकवत नाहीत, आणि एक उचलावा तर त्याला अडकून दहा वर येतात!

आज जे वर आलेत, ते माधवनगर रस्त्यावरच्या एका बॉयलर कारखान्यातले. बहात्तरचा दुष्काळ सरून एखाद-दोन वर्षं झाली होती, तेव्हाचे.

*

डॉक्टर जसा हाडाचा फोटो काढतो, तसा बॉयलरच्या वेल्डिंगचा फोटो काढायला या कारखान्यानं मुंबईहून एक डबा आणला. शिशाचा, जड. आत वाटाण्याएवढा, सतत किरण सोडणारा अणूचा तुकडा. तो डब्यात बंद असला तर गरीब गाय. उघडा पडला किंवा चोरीला गेला, तर गाव आजारी पाडील! म्हणून सरकारचा नियम असा, की डब्यावर एक शिकलेला सुरक्षा अधिकारी हवा. त्याचं शिक्षण मुंबईत.

मॅनेजर इनामदारांनी सुपरवायझर यादवांना विचारलं. यादव म्हणजे भरघोस मिशा आणि कुस्तीचा नाद. पण कुणीतरी उठवलं होतं, की या किरणांनी पोरं होत नाहीत. यादवांची आई एकाएकी आजारी पडली. बाकीच्या दोन सुपरवायझरांच्याही आया आजारी पडल्या. एका कारखान्यात एवढ्या आया एकाच दिवशी आजारी पडलेल्या मी तरी पाहिल्या नाहीत!

"मग त्या साबळेबाईला पाठवा," इनामदार म्हणाले. विमल साबळे, साताऱ्याकडच्या एका सुभेदाराची लेक, बीएस्सी झालेली, टेस्टिंगच्या खोलीत कामाला. तिला पोरं होतील की नाही, याची काळजी कुणालाच पडली नाही.

ती शिकून, पास होऊन आली. मागोमाग मुंबईच्या अणुखात्याचं पत्र आलं, की सुरक्षा अधिकाऱ्याला ऑफिसरचा दर्जा आणि फिरायला जीप द्यावी.

जीप म्हटल्याबरोबर तिन्ही आया खडखडीत बऱ्या!

*

डब्याच्या खोलीला दोन कुलपं लावायची होती. किल्ल्या दोघांकडे, म्हणजे एकट्याला खोली उघडता येऊ नये. इनामदार स्वतः दुकानात आले.

"शेठ, दोन कुलपं द्या. पण दोन्ही एकाच किल्लीनं उघडतील अशी बघा. सोय होते!"

मी म्हटलं, "साहेब, मग दुसरं कुलूप कशाला? त्यापेक्षा दाराला लिंबू-मिरची टांगा, स्वस्तात पडेल."

विमलबाई सोबत होत्या. त्यांनी मुकाट्यानं दोन वेगळ्या कंपन्यांची कुलपं उचलली. इनामदारांनी त्यांच्या वाटणीची किल्ली केबिनमध्ये लक्ष्मीच्या तसबिरीखाली खिळ्याला टांगली. येणारा-जाणारा नमस्कार करी आणि किल्ली बघून जाई.

"साहेब, किल्ली अशी उघड्यावर नको," बाई म्हणाल्या.

"अहो बाई, आपलं घरच्यासारखं वातावरण आहे!"

"म्हणूनच म्हणते. घरात लोणच्याच्या बरणीत कोण हात घालतं, ते कधी कळतं का?"

*

साताऱ्याकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलर बसवला. त्याचे फोटो काढायला डबा तिकडे गेला. बाईंनी माझ्याच दुकानाचा दोर लांबवर बांधला आणि सांगितलं, की फोटो चालू असताना दोराच्या आत कुणी यायचं नाही. तिथले ऊसतोडे, गाडीवान, सगळे बाहेर थांबले. यादवांनी मात्र मिशीवर बोट फिरवलं आणि दोर ओलांडला.

"आवं बाई, दोरीनं म्हसरं अडत्यात, माणसं न्हाईत!"

बाईंनी तुकडा डब्यात ओढून घेतला, कुलूप लावलं, सावलीत बसल्या आणि भाकरी सोडली. काम ठप्प. थोड्या वेळानं यादवच ओरडले, "काम का थांबलंय?"

बाई म्हणाल्या, "म्हसरू आत आलंय. बाहेर गेलं की सुरू करते."

गाडीवान असे हसले, की एकाचा बैल बुजला.

*

मग सुरक्षा अधिकारी नेमायचा दिवस उगवला. मुंबईहून त्या खात्याचे साहेब आले. मी एका कामासाठी केबिनबाहेर बाकावर बसलो होतो, दार उघडं होतं. तिन्ही सुपरवायझर पावडर लावून आलेले. त्यांना मधल्या काळात मुंबईचं धावतं शिक्षणही देऊन आणलं होतं. विमलबाईंना आत बोलावलंच नाही. इनामदारांचं म्हणणं, "बाईमाणूस, रात्री-अपरात्री फिरणं, उद्या लग्न होईल…" जणू यादव ब्रह्मचारीच!

साहेबांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. "फोटो काढताना तुकडा बाहेर अडकला, डब्यात परत येईना. पहिल्यांदा काय कराल?"

पहिला म्हणाला, "साबळेबाईंना हाक मारीन."

दुसरा म्हणाला, "पळत जाऊन साबळेबाईंना आणीन."

यादव हुशार. ते म्हणाले, "मी आधी दोर बांधीन."

साहेब खूश. "आणि मग?"

"मग बाईंना हाक मारीन!"

यादव अधिकारी झाले. बाई सहायक. बाईंची किल्लीही काढून यादवांच्या कमरेला आली, आणि इनामदारांनी खिळ्यावरचीही त्यांनाच देऊन टाकली. सोय होते ना!

बाईंचे वडील, सुभेदार, सणासाठी साताऱ्याहून आले होते. माझ्या दुकानात बसून म्हणाले, "शेठ, पलटणीत दारूगोळ्याच्या किल्ल्या एकाच्या कमरंला कवाच नसत्यात. मग तो जनरल का असंना!"

*

आणि आली खंडेनवमी. या दिवशी आपल्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. तराजूपासून ट्रकपर्यंत सगळ्यांना झेंडू. इनामदारांच्या मनात आलं, की एवढा अणूचा डबा असून त्याला झेंडू नाही? बाई म्हणाल्या, "खोलीच्या दाराला हार घाला, डबा बाहेर नको." झालं! सणासुदीला अपशकुन नको म्हणून बाईंना घरी पाठवलं.

यादवांनी दोन्ही कुलपं उघडली. डबा नव्या जीपमध्ये मागं ठेवला, डब्याला आणि जीपला मिळून हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, आणि मंडळी पेढ्यांकडे वळली. मीही होतो तिथं. थोड्या वेळानं यादव परत आले तर जीप नाही.

"जीप कुठाय?"

"जतला गेली," फाटकावरचा पहारेकरी म्हणाला.

"जतला कशाला?"

"बोकड आणायला! संध्याकाळच्या जेवणाचा."

यादवांनी मुंबईच्या साहेबाला दिलेलं उत्तर तंतोतंत पाळलं. बाईंना हाक मारली!

बाई आल्या, सोबत सुभेदार. दिवस कलता जीप फाटकातून आत शिरली. मागच्या बाजूला झेंडूचे हार, मधोमध डबा आणि डब्याला दाव्यानं बांधलेला बोकड, हार खात. आपण काय वाहून आणलं हे ड्रायव्हरला कुणीतरी ओरडून सांगितलं, तसा तो उडी टाकून विहिरीकडे पळाला. बाकी सगळे मर्दगडी शेडच्या मागं.

बाई हातात किरण मोजायचं यंत्र घेऊन जीपपाशी गेल्या. काटा बघितला. डब्याचं स्वतःचं छोटं कुलूप ओढून पाहिलं. ती किल्ली त्यांच्याकडून मागून घ्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"डबा बंद आहे," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "काही धोका नाही. या, दोघंजण हात लावा."

कुणी हललं नाही.

"यादव, तुम्ही अधिकारी आहात. या."

शेडमागून यादवांचा आवाज आला, "तुमी व्हा म्होरं! माझा हुकूम हाय!"

"हुकूम इथं येऊन द्या."

मग इनामदारांचा घोगरा आवाज. "बाई, आता काय करायचं?"

"आधी अधिकारी कोण, ते ठरवा."

"तुम्ही! तुम्हीच! आजपासून!"

"मग किल्ल्या."

शेडमागून किल्ल्यांचा जुडगा उडत आला आणि बोकडाच्या पायाशी पडला. सुभेदारांनी तो उचलून लेकीच्या हातात दिला, आणि एक पाऊल मागं सरून कडक सलाम ठोकला. बापलेकीनं डबा उतरवला. बोकड तेवढा शेवटपर्यंत जागेवर उभा होता.

तर मंडळी, त्या आवारात त्या दिवशी मर्द किती होते, ते आता तुम्हीच मोजा. हिशेब मात्र प्रामाणिक ठेवा. बोकड धरून!