वेणूबाई प्रभुभोजन घेत नसत

वाशी नव्यानं वसत होती तेव्हा आमची ख्रिस्ती मंडळी एका शाळेच्या हॉलमध्ये उपासनेला जमायची. आमचे हे पाळक, म्हणून मी पाळकीणबाई. प्रवचन यांचं आणि बाकीची उस्तवार माझी. त्या उस्तवारीत मला खरा आधार होता तो वेणूबाई साळवेंचा. नगरकडच्या, विधवा, सिडकोच्या एका खोलीत राहायच्या आणि बालवाडीत आया होत्या. झाडलोट, बाकं लावणं, प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घेतात त्या विधीसाठी, मनुका उकळून रस काढणं, सगळं त्या करायच्या. पण प्याल्यांचं तबक समोर आलं की स्वतः न घेता पुढे सरकवायच्या.

आमच्यात रीत आहे, कुणाशी बिनसलं असेल तर आधी समेट करायचा आणि मग प्रभुभोजन घ्यायचं. त्यामुळे एखाद्यानं घेतलं नाही तर कुणी खोदून विचारत नाही. मी तशी भोचक, तरी बरीच वर्षं जीभ आवरली.

एका गुड फ्रायडेला लोक गेल्यावर त्या हॉल झाडत होत्या आणि चक्कर येऊन मटकन खाली बसल्या. पोटात अन्न नव्हतं. सणाचा उपास समजू शकते, पण या तर बारा महिने उपाशी. मी चांगलंच तोंडसुख घेतलं, तेव्हा सगळं बाहेर आलं.

त्यांची भावजय वैजयंती. ती आईला उपाशी ठेवते, असं वेणूबाईंनी तरुणपणी चारचौघांत भावाला सांगितलं होतं. धादांत खोटं. आई सुनेचं कौतुक करते हे बघवत नव्हतं, एवढंच कारण. भावानं बायकोला माहेरी पाठवलं आणि ती तिकडेच तापानं गेली.

"जिची माफी मागायची ती मातीत गेली," वेणूबाई म्हणाल्या. "आता समेट कुनाशी करू? म्हनून झाडते, उपास धरते. कवातरी फिटंल."

मला आधी त्यांचा रागच आला. त्या बिचाऱ्या वैजयंतीसाठी जीव तुटला. मग त्यांच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहून आमच्या यांची पश्चात्तापावरची लांबलचक प्रवचनं आठवली, पण ऐन वेळी एकही कामाला येईना. तोंडाला आलं ते बोलले.

"प्रभूशेजारी क्रुसावर तो चोर होता ना, त्याचे हातपाय खिळलेले होते. त्यानं कुणाचं काय परत केलं? कुठे झाडू मारला? आपलं चुकलं म्हणाला आणि माझी आठवण ठेव म्हणून मागितलं. तुम्ही मागितलंत का कधी?"

त्यांनी हातातला झाडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, मागायची हिंमतच झाली नाही. तिथेच, केराच्या ढिगाशेजारी बसून, त्यांनी मोडक्यातोडक्या शब्दांत मागितलं. मीही रडले, आणि रडून फार बरं वाटलं.

ईस्टरला वेणूबाईंनी पहिल्यांदा प्याला घेतला. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या की रस अगदीच पानचट होतो, इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही? दोघी पोट धरून हसलो.

मला वाटलं, सुटलो. तर आठवड्यातच त्यांनी गावी भावाकडे जायचं काढलं. माफी मिळाली आहे, आता कशाला जुनं उकरता, मी विचारलं.

"मिळाली म्हनूनच जाता येतंय," त्या म्हणाल्या. "आधी पाय उचलत नव्हता."

मी सोबत गेले. खोटं चारचौघांत बोलल्या होत्या, तर खरंही तसंच सांगायचं, म्हणून त्यांनी शेजारपाजार गोळा केला आणि उभ्यानं सगळं सांगितलं. वैजयंतीच्या नावाला लागलेला डाग सर्वांसमक्ष पुसला. म्हातारा भाऊ ऐकून उठला, आत गेला आणि दार लावून घेतलं. आम्हाला पाणीसुद्धा शेजारणीनं दिलं.

परतीच्या एसटीत मी धास्तावले होते. भावानं माफ केलं नाही, आता या पुन्हा उपास धरणार. त्या मात्र शेवटपर्यंत ढाराढूर झोपल्या.

पुढच्या प्रभुभोजनाला मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले. तबक आलं. वेणूबाईंनी आपला प्याला उचलला, तबक माझ्या हातात दिलं, आणि मी डोळे मिटायचे सोडून त्यांच्याकडे बघत राहिले म्हणून मलाच कोपरानं ढोसलं.