उतरवलेली भिंत

विटांचा ढीग दिसला की मला ती भिंत आठवते. माझे वडील, अण्णा, गवंडी आहेत. आखातातली एक कंपनी त्यांना कामाचा परवाना काढून देणार होती, पण आधी एजंटच्या आवारात भिंत बांधून दाखवायची होती. इंग्रजी करार वाचायला मी सोबत गेलो होतो.

सिमेंट नव्हतं, नुसता चिखल. तरी अण्णांनी कंबरेएवढी भिंत घरचीच असल्यासारखी बांधली. कंपनीच्या माणसाने ओळंबा लावून भिंत सरळ आहे का ते बघितलं आणि मान डोलावली.

“मामा, उतरवा आता. पुढचा गवंडी खोळंबलाय,” तो अण्णांना म्हणाला.

“म्हणजे नापास?” अण्णांनी विचारलं.

“पास हो! विटा त्याच वापरतो आम्ही.”

अण्णा एकेक वीट काढून थापीने चिखल खरवडून ठेवत गेले. मला करार आठवला. त्यात होतं, कंपनीला गरज असेपर्यंतच त्या देशात राहता येईल. बांधलेलं तिथे राहील, बांधणारा नाही. इथे तर बांधलेलंही राहिलं नाही. करारातली ती अट मी अण्णांना वाचून दाखवली होती. त्यांनी नुसतं “बरं” म्हटलं होतं.

परतताना आम्ही एसटीत बसलो. अण्णा हळूच म्हणाले, “सरळ होती ना रे? तू बघितलीस ना?”