शिलाईच्या दुकानातला वर्ग

लहानपणापासून ती ऊठसूट "पण का?" विचारायची, म्हणून घरात तिचं नाव पडलं वकीलबाई. पुढे ती खरंच कायद्याच्या कॉलेजात गेली, तेव्हा वडील म्हणाले, "चला, आता हिचे प्रश्न जरा बाहेरच्यांनाही सोसू देत."

कॉलेजचं वाचनालय पाचच्या ठोक्याला बंद होई. नोकरी करून शिकणारी पोरं सहाला धापा टाकत यायची आणि कुलूप बघून परत जायची. वकीलबाईने तीन अर्ज दिले. तिन्ही केराच्या टोपलीत गेले. मग एका सोमवारी ती पुस्तक घेऊन वाचनालयाच्या जिन्यातच बसली आणि मोठ्याने वाचू लागली. दुसऱ्या दिवशी नऊ जण आले. आठवड्याभरात जिना भरला. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही, नुसतं वाचन. वरच्या मजल्यावरच्या प्राचार्यांना घरी जायला वाटच उरेना. अकराव्या दिवशी त्यांनी हात टेकले. वाचनालय आठपर्यंत उघडं राहू लागलं.

हे वाचन दारावरचा पहारेकरी रोज ऐकत होता. एकदा तो दबकत म्हणाला, "ताई, घरमालकाने घर सोडायची नोटीस धाडलीय. जरा समजावता का?"

ती त्याच्या घरी गेली. पुढच्या खोलीत त्याच्या बायकोचं शिलाईचं दुकान; तिला सगळे शिवणकाकू म्हणत. त्याच मालकाच्या चार भाडेकरू बायकाही नोटिसा घेऊन बसल्या होत्या. वकीलबाईने अर्धा तास कलमांची सरबत्ती केली. सगळ्या नुसत्या माना डोलवत होत्या. शेवटी शिवणकाकू म्हणाल्या, "पोरी, तुला सगळं येतं, हे कळलं. आता आम्ही काय करायचं ते सांग."

वकीलबाईचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. मग तिलाच हसू फुटलं. पुस्तक मिटून तिने पहिल्यापासून सुरुवात केली. "नोटीस आली म्हणून लगेच बोचकी बांधायची नाहीत. आधी लेखी उत्तर द्यायचं." उत्तरं तिने त्यांच्याच हातून लिहवून घेतली. एकाच टपालाने पाच उत्तरं गेल्यावर मालक गोडीगुलाबीने बोलायला आला. एकालाही घर सोडावं लागलं नाही.

आता ती कोर्टात उभी राहते. पण शनिवारची दुपार शिलाईच्या दुकानातल्या वर्गाची. तिथे कलमांचे आकडे उच्चारायला शिवणकाकूंची सक्त मनाई आहे. गेल्या शनिवारी एक भाजीवाली शिकवायला उभी राहिली, बाजारात बसायचा परवाना कसा मिळवायचा ते. वकीलबाई कपड्यांच्या गठ्ठ्याला टेकून भराभरा टिपून घेत होती. यातलं निम्मं तिला नवीनच होतं.