काकींच्या कुड्या

ती फिर्याद मला आजही आठवते, आणि आठवते ती गुन्ह्यामुळे नव्हे. चोऱ्या, मारामाऱ्या, बांधावरची भांडणे यांतच माझी पोलिसातली सारी नोकरी सरली. त्यातले बरेचसे विसरलो. मोत्यांच्या दोन कुड्यांचे हे प्रकरण मात्र विसरता आले नाही. यातली माणसे कोण, हे सांगणार नाही. तिकडच्या लोकांना ते कळेलच. त्यांना न सांगताही सगळे कळते, हा माझा अनुभव आहे.

तेव्हा मी मालवण किनाऱ्यावरच्या एका लहान बाजारगावात फौजदार होतो. मी घाटावरचा, गावाला नवा आणि गाव मला नवे. टेलिफोन मोजके, टीव्ही त्याहून कमी. संध्याकाळी माणसे एकमेकांच्या ओट्यावर बसत आणि कोणाच्या घरी काय शिजले ते साऱ्या आळीला ठाऊक असे. साखर, स्टोव्ह, पाहुण्यांसाठी चादरी हे सगळे या घरातून त्या घरात फिरायचे. फिरणाऱ्या वस्तूंत सर्वांत मानाच्या होत्या काकींच्या कुड्या. काकी म्हणजे एका निवृत्त शिक्षकांच्या पत्नी. मूलबाळ नाही. आळीतल्या कोणत्याही मुलीचा साखरपुडा असला की तिच्या कानांत काकींच्या कुड्या असायच्याच. त्या घातल्या की संसार सुखाचा होतो, अशी बायकांची पक्की समजूत होती. त्यांच्यावाचून साखरपुडा करायला कोणी धजत नसे.

मे महिना सरत आला असताना गुरुजी, म्हणजे काकींचे पती, छत्री टेकत ठाण्यात आले. कुड्या कपाटातल्या डबीतून गेल्या होत्या. "रीतसर फिर्याद घ्या," ते म्हणाले. "माणूस ओळखीचा निघाला तरी माझी हरकत नाही."

गुन्हा दाखल केला, घराचा पंचनामा झाला. कुलूप शाबूत, कपाट शाबूत. म्हणजे घरात येणाऱ्या-जाणाऱ्याचे काम. कुड्या शेवटी घातल्या होत्या शेजारच्या मुलीने, त्याच आठवड्यात ठरलेल्या स्वतःच्या साखरपुड्यासाठी, आरशात बघायला म्हणून. तिचे वडील लहानपणीच गेले. आई शिवणकाम करी, आणि पोर वाढली ती काकींच्या चुलीपाशी. स्थळ शिरोड्याचे, माडांची बाग असलेले घर. मोठ्या मुश्किलीने जमलेले.

तिचा जबाब मी तिच्या घरी, आईसमोर घेतला. मुलीला ठाण्यात बोलावले असते तर निकाल लागायच्या आधीच तिचा निकाल लागला असता. तिने डोळे पुसत एवढेच सांगितले, "मी काकीच्या हातात दिलंय. काकीन डबी बंद केल्यान. तिका इचारा."

काकींना विचारले. "आठवत नाही," त्या म्हणाल्या. गेल्या दहा-बारा साखरपुड्यांत कोणत्या मुलीने कुड्या कोणत्या साडीवर घातल्या ते सांगणारी बाई हेच नेमके विसरली. आणखी एक गोष्ट खटकली. ज्याचे जाते तो पोलीस दिसला की आधी विचारतो, "मिळाले का?" काकी विचारायच्या, "चेडू जेवता मा? रडत नाय मा?" मुलगी जेवते ना, रडत नाही ना, एवढीच चौकशी.

तेवढ्यात एका दुकानदाराने खबर आणली. मुलीची आई म्हणे कसालच्या बाजारात सोनाराकडे दिसली. खबर आली की तपासावीच लागते. हवालदार जाऊन आला. बाईने जुनी चांदी मोडून मुलीसाठी जोडवी करायला टाकली होती, बस्स. पण आमचा हवालदार परत येईपर्यंत पराचा कावळा होऊन तो एसटीने शिरोड्याला पोहोचलासुद्धा. तिकडून निरोप आला, "आधी तां काय तां निस्तारा, मगे बघूया." साखरपुडा थांबला. मुलगी घराबाहेर पडेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी हवालदार गंभीर चेहऱ्याने समोर उभा राहिला. "साहेब, मुलीच्या आईने गाऱ्हाणं घातलंय."

मी चमकलो. "कोणाकडे? एसपी साहेबांकडे?"

"नाय साहेब, देवाकडे." आणि हा गृहस्थ गालात हसला. घाटावर गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. तिकडे गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे नारळ ठेवून गावकऱ्याने, म्हणजे देवळाच्या मानकऱ्याने, मोठ्याने मागायचे मागणे, आणि जमलेल्या सर्वांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. आमच्या चौकशीपेक्षा लोकांना त्याचा धाक जास्त, हेही हवालदारानेच सांगितले. पोलिसापुढे खोटे बोलणारा माणूस तिथे 'व्हय' म्हणताना अडखळतो.

संध्याकाळी मी साध्या कपड्यांत देवळात मागच्या खांबाजवळ उभा राहिलो. निम्मी आळी आली होती. गुरुजी होते, काकीही होत्या. गावकऱ्याने नारळ ठेवला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान आज तुझ्या पायाकडे श्रीफळ ठेवल्यान हा, तां मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या गरीब चेडवावर आळ इलो हा, तो दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सर्वांत मोठा आवाज काकींचा. त्या अक्षरशः ओरडल्या.

"आणि ज्या कोणी ह्यां केल्यान, तेका तुझ्या पायाकडे हजर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे देऊळ म्हणाले. काकींचे ओठ मिटलेले होते. पदराचे टोक त्यांनी मुठीत गच्च धरले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

सकाळी एकटाच त्यांच्या घरी गेलो. गुरुजी ओट्यावर होते. काकींना म्हणालो, "काल शेवटच्या मागण्याला तुम्ही 'व्हय' म्हणाला नाहीत."

 त्या आत जाऊन कुळथाचा डबा घेऊन आल्या. कुळथांत हात घालून फडक्यात बांधलेल्या कुड्या काढल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या.

"व्हय म्हटलंय असतंय तर थंयच पाय धरूचे लागले असते," त्या म्हणाल्या. "मीच लपयलंय. कुडयो नाय म्हटल्यार साखरपुडो फुडे जायत. मिरग लागलो की मगे तुळशीच्या लग्नापर्यंत कोण लगीन करना नाय. एक पावस चेडू माझ्याकडे रवात, येवढांच माझ्या मनात होतां. एकच पावस. फुडे ह्येनी तुमच्याकडे फिर्याद केली आणि माझी वाचाच गेली."

जन्मभर मुलांना सत्य बोलायला शिकवलेले गुरुजी चिडतील, असे मला वाटले होते. ते उठून काकींच्या शेजारी येऊन बसले. "घर रिकामं आहे याची हिला सवय झाली आहे, असं मी धरून चाललो होतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. त्या वेळी मला फार वाईट वाटले.

मुलगी आमच्या नकळत मागच्या दारातून आली होती. तिने सगळे ऐकले होते. तिने रागवायला हवे होते, तिचा तो हक्क होता. ती काकींपुढे बसली आणि त्यांचे दोन्ही हात धरून म्हणाली, "माका सांगूक काय झालां होतां गो? मीच आयेक म्हटलंय असतंय, लगीन दिवाळेच्या फुडे ठेव म्हणान."

काकी तेव्हा जे रडल्या, ते मला बघवले नाही. मी ओट्यावर जाऊन उभा राहिलो.

कागदाचे काम सोपे होते. गुरुजींचा पुरवणी जबाब घेतला, वस्तू घरातच मिळाल्याचे नोंदवले आणि गैरसमजातून गुन्हा दाखल झाला म्हणून सी समरी, म्हणजे प्रकरण बंद करायचा अहवाल, कोर्टात पाठवली. पण सी समरी शिरोड्यात कोण वाचणार? मी म्हणालो, हवालदाराला पाठवून निरोप देतो. काकी तयार होईनात. "लपयलंय मी, सांगतलंय पण मीच." मग मीच त्यांच्याबरोबर निघालो, गणवेश न घालता, एसटीने. 

मुलाच्या घरी त्या पायरीवरच उभ्या राहिल्या आणि मुलाच्या आईला सगळे सांगून मोकळ्या झाल्या. काही राखून ठेवले नाही. "चेडू सोन्यासारख्यां आसा. चोर मी आसंय. माका काय तां बोला, पण तिचा लगीन मोडू नकात," असे म्हणून त्यांनी हात जोडले.

त्या बाईने दाराच्या कडीवर हात ठेवला. मला वाटले, संपले. मग तिने काकींचे जोडलेले हात धरून त्यांना घरात घेतले आणि पाट मांडला.

"बसा. माझ्या मोठ्या चेडवाचा लगीन झालां, त्या दिवशी मी तिच्या पेटयेची चावी बायंत टाकलंय," ती म्हणाली आणि परसातल्या विहिरीकडे बोट दाखवले. "दोन तास सगळी चावी सोधत होती. मी पण सोधत होतंय. आज पयल्यांदा कोणाक तरी सांगतंय."

आणि दोघी हसायला लागल्या. हसता हसता रडल्याही. मी आपला अंगणातले माड बघत बसलो.

लग्न दिवाळीनंतर, तुळशीचे लग्न झाल्यावर लागले. शिरोडेकरांनीच तसे सुचवले. तो पाऊस काकींना मिळाला, आणि त्यासाठी कोणाला काही लपवावे लागले नाही.

या प्रकरणाने मला शिकवले ते पोलीस प्रशिक्षणात नव्हते. वस्तू गेली की आम्ही विचारतो, फायदा कोणाचा? त्याबरोबर मी आणखी एक विचारायला लागलो, या घरातून कोण जाणार आहे? त्या प्रश्नाने पुढे बरीच कोडी सुटली. काही वेळा बेड्या घालायच्या टळल्या, आणि त्याचा मला आनंद आहे.

पुढे माझ्या मुलीचे लग्न झाले. ती नागपूरला निघाली त्या दिवशी रेल्वेचे तिकीट सापडेना. जावयाने ते माझ्याकडे जपायला दिले होते, आणि मी ते कपाटात ठेवले असे म्हणत होतो. बायकोने कपाटे उपसली, मुलगी रडकुंडीला आली, आणि मी सगळ्यांना रांगेत उभे करून एकेकाची चौकशी करत होतो. शेवटी बायकोने सरळ माझ्या शर्टाच्या आतल्या खिशात हात घातला आणि तिकीट काढले. तिने ते मुलीच्या हातात दिले आणि माझ्याकडे बघितले. ते तिथे चुकून राहिले की मी ठेवले, याचा तपास मी केलेला नाही.